एका गोळीत डोकं: वन टॅप लागतो कसा आणि आपल्यालाच का लागतो

परवा काउंटर-स्ट्राइक या शूटर गेमच्या एका मॅचमध्ये समोरच्या टीममधल्या एकाच गड्याने मला सलग तीन राउंड एकेका गोळीत उडवलं, यालाच वन टॅप म्हणतात. तिसऱ्यांदा मेल्यावर मी चॅटमध्ये "हॅकर" असं टाइप करून मोकळा झालो, मॅच हरलो, आणि मग रात्री झोप येईना म्हणून रिप्ले लावून बसलो. स्लो करून, एकेक टिक (गेमच्या घड्याळाचा एक ठोका) पुढे ढकलत बघितला. हॅक-बिक काही नव्हतं. तीन वेळा मेलो ते तीन वेगवेगळ्या कारणांनी, आणि तिन्ही समजून घेता घेता एक गोळी म्हणजे नेमकं काय असतं ते मला पहिल्यांदा नीट कळलं, म्हणून हे लिहितोय.

आधी साधा हिशोब. बहुतेक शूटर गेममध्ये तुमच्याकडे १०० हेल्थ असते आणि प्रत्येक बंदुकीचा एक ठरलेला डॅमेज असतो. शरीराचे वेगवेगळे भाग म्हणजे गेमच्या दृष्टीने अदृश्य डबे, त्यांना हिटबॉक्स म्हणतात, आणि गोळी कुठल्या डब्याला लागली त्यावर डॅमेजला गुणायचं किती ते ठरतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये एके-४७ चा डॅमेज ३६ आहे आणि डोक्याला तो चौपट होतो, म्हणजे १४४. समोरच्याने हेल्मेट घातलं असेल तर त्यातला ७७.५ टक्के आत पोचतो, म्हणजे १११, तरी माणूस खल्लास. आता दुसरी रायफल, एम४ए४ बघा, डॅमेज ३३, चौपट १३२, पण हेल्मेटमधून ७० टक्केच जातो, म्हणजे ९२. आठ हेल्थवर माणूस जिवंत राहतो आणि तुम्हाला उलटा मारतो. ३३ आणि ३६ मध्ये फरक तो केवढा, पण त्या तीनच्या फरकाने अख्ख्या गेमचं राजकारण ठरवलंय. एके विरुद्ध खेळताना बरेच लोक हेल्मेटचे गेममधले ३५० डॉलर खर्चच करत नाहीत, कारण एकेची गोळी डोक्यात बसली तर हेल्मेट असून नसून सारखंच.

व्हॅलोरंट या दुसऱ्या शूटरमध्येही हेच, फक्त तिथे अंतराचा खेळ जास्त आहे. पूर्ण शील्ड घेतलेल्या माणसाची एकूण हेल्थ १५०. तिथल्या दोन मुख्य रायफली व्हँडल आणि फँटम. व्हँडल डोक्यात कितीही लांबून १६० मारते. फँटम १५ मीटरपर्यंत १५६ मारते, त्यापुढे १४० आणि ३० मीटरपुढे १२४. म्हणजे १५ मीटरची रेषा ओलांडली की फँटमवाल्याला दुसरी गोळी लागतेच. "व्हँडल भारी की फँटम" ही भांडणं सहा-सहा तास चालतात ती या एका रेषेवरून. रेनबो सिक्स सीजने तर हा वादच ठेवला नाही, तिथे जवळपास कुठल्याही बंदुकीची एक गोळी डोक्यात बसली की विषय संपला.

पण डॅमेजचे हे आकडे पाठ करून खरी गोष्ट कळत नाही. हेडशॉटचा फायदा डॅमेजमध्ये नाहीये, वेळेत आहे. एके मिनिटाला ६०० गोळ्या झाडते, म्हणजे दोन गोळ्यांमध्ये ०.१ सेकंद. अंगावर, जॅकेट घातलेल्या माणसाला, चार गोळ्या लागतात. पहिली गोळी शून्यावर धरली तर चौथी ०.३ सेकंदाला बसते. माणसाच्या डोळ्याने काहीतरी बघून हाताने बटण दाबायला साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात. म्हणजे अंगावर स्प्रे (सलग गोळ्या) मारलात तर समोरच्याला "अरे मला कोणीतरी मारतंय" हे कळायला आणि निदान एक गोळी उलट झाडायला वेळ मिळतो. डोक्यात मारलीत तर त्याला शून्य वेळ मिळतो. वन टॅप खाल्ल्यावर आपल्याला जे वाटतं ना, की मी काही करूच शकलो नाही, ते अक्षरशः खरं असतं.

आता माझं पहिलं मरण. रिप्ले ६४ टिकचा, म्हणजे एक टिक साधारण १५.६ मिलिसेकंदांचा. मी कोपऱ्यावरून बाहेर आलो आणि आम्ही दोघं एकमेकांना दिसलो तो टिक शून्य धरला. माझा माऊस हलायला लागला चौदाव्या टिकला. त्याची गोळी सुटली सोळाव्या टिकला. नीट बघा, रिॲक्शन माझी जास्त फास्ट होती! पण त्या दोन टिकमध्ये माझा क्रॉसहेअर (स्क्रीनच्या मधोमध असलेलं नेमाचं चिन्ह) जमिनीवरून उचलला जाऊन त्याच्या गुडघ्यापर्यंतसुद्धा पोचला नव्हता, आणि त्याने माऊस जवळजवळ हलवलाच नव्हता, कारण त्याचा क्रॉसहेअर आधीपासूनच त्या कोपऱ्याच्या कडेला, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवलेला होता, आणि माझं डोकं आपलं आपण त्यात चालत गेलं.

यालाच क्रॉसहेअर प्लेसमेंट म्हणतात आणि हा शब्द इतक्या व्हिडिओत ऐकलाय की कंटाळा येतो, पण मागचं गणित कोणी सांगत नाही. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ ला लोकांना हातात एक कांडी देऊन दोन धातूच्या पट्ट्यांवर आळीपाळीने टेकवायला लावलं, पट्ट्यांमधलं अंतर आणि पट्ट्यांची रुंदी बदलत गेला, आणि वेळ मोजला. निघालं असं की वेळ ठरतो तो अंतर भागिले रुंदी या गुणोत्तरावर, तोही लॉगॅरिदमने. अंतर दुप्पट केलं किंवा टार्गेट निम्मं केलं, दोन्हीचा त्रास सारखाच. माऊसलाही हा नियम लागू पडतो.

हे आपल्या गेमला लावून बघू. डोकं साधारण २५ सेंटीमीटर रुंद धरा आणि माणूस २० मीटरवर. कोनात मोजलं तर ते डोकं फक्त ०.७ अंशांचं. काउंटर-स्ट्राइकमध्ये साध्या १९२० रुंदीच्या स्क्रीनवर साधारण नऊ पिक्सेल. नऊ! ५० मीटरवर गेला तर साडेतीन-चार. आता मी सहा मीटर पुढची जमीन बघत पळत होतो, म्हणजे माझा क्रॉसहेअर डोक्याच्या साधारण १५ अंश खाली. फिट्सच्या सूत्रात घातलं तर माझ्या हालचालीचं अवघडपण येतं ५.४, आणि ज्याचा क्रॉसहेअर फक्त एक अंश बाजूला आहे त्याचं येतं १.५. साडेतीन पटीपेक्षा जास्त अवघड काम मी स्वतःवर ओढवून घेतलं होतं, आणि तेही त्याच नऊ पिक्सेलवर थांबण्यासाठी. इथे हात कितीही फास्ट असून उपयोग नाही.

आणि माऊस किती हलवायचा असतो ते ऐका. ८०० डीपीआय (माऊस एक इंच सरकला की तो किती पावलं मोजतो) आणि गेममधला सेन्स (त्या पावलांना नजर किती वळते) १ ठेवला तर पूर्ण गोल फिरायला माऊस सुमारे ५२ सेंटीमीटर सरकवावा लागतो. त्या हिशोबाने २० मीटरवरचं डोकं म्हणजे पॅडवर एक मिलिमीटर. सेन्स ३ केला तर तेच डोकं एक तृतीयांश मिलिमीटर होतं. पट्टी घेऊन एक मिलिमीटर बघा एकदा, मग कळेल प्रो लोक एवढा कमी सेन्स ठेवून अख्खा हात का फिरवतात. सेन्स फार कमी ठेवला तर मागून कोणी आला की वळता वळता मराल हे खरंय, म्हणून प्रत्येकाची तडजोड वेगळी असते, पण नवीन लोकांचा सेन्स जवळपास कायम जास्तच असतो, आणि दर दोन दिवसांनी बदललेला असतो, तो भाग आणखी वाईट. (काउंटर-स्ट्राइकचा सेन्स व्हॅलोरंटला न्यायचा असेल तर ३.१८ ने भागा, हात तोच राहतो.)

मग फ्लिक म्हणजे काय? हात एका झटक्यात टार्गेटच्या जवळपास नेऊन सोडतो, मेंदूने ते अंतर आधीच ठरवलेलं असतं, मध्ये दुरुस्ती करायला वेळच नसतो. पोचल्यावर डोळा बघतो की किती चुकलं, आणि मग दुसरी बारीक हालचाल होते, तिला मायक्रो-ॲडजस्टमेंट म्हणतात. व्हिडिओत दिसतो तो पहिला झटका, पण गोळी लागते ती बहुतेक वेळा दुसऱ्या हालचालीमुळे, ती डोळ्याला धड दिसतही नाही. म्हणून फ्लिक-फ्लिक करणाऱ्या पोरांना माझं म्हणणं असतं की पहिला झटका थोडा हळू मारा पण नीट थांबा.

थांबण्यावरून दुसरं मरण. यावेळी गोळी आधी मी झाडली होती, रिप्लेत थांबवून बघितलं तर त्या टिकला माझा क्रॉसहेअर त्याच्या कपाळावर होता, अगदी मधोमध, आणि गोळी कानाजवळून मागच्या भिंतीत गेली. मला आधी वाटलं गेमच गंडलाय. मग खाली माझ्या किबोर्डची बटणं दाखवत होतं ते बघितलं, माझं डी बटण अजून दाबलेलंच होतं. म्हणजे मी उजवीकडे पळता पळता गोळी झाडली. अशा गेममध्ये गोळी क्रॉसहेअरच्या बरोब्बर मध्ये जातेच असं नाही, नेमाच्या रेषेभोवती एक अदृश्य शंकू असतो आणि गोळी त्या शंकूत कुठेही जाऊ शकते. उभे असाल तर शंकू अगदी निमुळता, चालत असाल तर रुंद, उडी मारली तर विचारूच नका. काउंटर-स्ट्राइकमध्ये तुमचा वेग कमाल वेगाच्या साधारण एक तृतीयांशाखाली आला की चालण्याचा दंड संपतो. पण नुसतं बटण सोडून थांबायला जरा वेळ जातो, म्हणून लोक उलट दिशेचं बटण टचकन दाबून ब्रेक मारतात, याला काउंटर-स्ट्रेफ म्हणतात. डी सोडलं, ए ला एक टिचकी, त्याच क्षणी गोळी. वाचायला सोपंय. डावा आणि उजवा हात मिळून एका तालात हे करायला लागेपर्यंत मला काही महिने गेले, आणि अजून परवासारखी घाण होतेच.

कॉल ऑफ ड्यूटीवाले म्हणतील आमच्याकडे असं काही नाही, आम्ही पळता पळता मारतो. बरोबर आहे, तिथे शंकूची शिक्षा कमी आहे आणि कंट्रोलरवर तर टार्गेटजवळ आलं की गेम स्वतः क्रॉसहेअर जरा जड करून मदत करतो, त्याला एम असिस्ट म्हणतात. अंगठ्याने ते नऊ पिक्सेल पकडणं जवळपास अशक्यच असतं, म्हणून मी त्याला चीटिंग म्हणत नाही, पण माऊसवाल्यांशी एकाच मॅचमध्ये टाकलं की भांडण ठरलेलं. मोबाइलवाल्यांनी यावर वेगळाच तोडगा काढलाय, जायरोस्कोप. मोठी हालचाल अंगठ्याने आणि शेवटचा बारीकसा फरक फोन मनगटाने तिरका करून. म्हणजे परत तेच, पहिला झटका एकाचा आणि मायक्रो-ॲडजस्टमेंट दुसऱ्याची.

आता स्नायपर. ही मंडळी डोक्याच्या भानगडीतच पडत नाहीत. काउंटर-स्ट्राइकची एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल ११५ डॅमेज देते, जॅकेटमधूनही ११२ जातो, म्हणजे छातीत बसली तरी संपलं. पायात लागली तर ८६, त्यामुळे फक्त पायावर वाचता येतं. टार्गेट नऊ पिक्सेलचं असतं ते एकदम धडाएवढं होतं, म्हणजे फिट्सच्या भाषेत रुंदी वाढवून घेतली. मग सगळेच ती का घेत नाहीत? कारण गेमने तिची किंमत सगळीकडून वसूल केलीये: ती ४७५० डॉलरला मिळते, एके २७०० ला. एक गोळी झाडली की पुढची यायला जवळपास दीड सेकंद. हातात घेतली की चाल मंद, स्कोप लावला की आणखी निम्मी. आणि एडब्ल्यूपीने मारलं तर बक्षीस फक्त १०० डॉलर, रायफलला ३०० मिळतात. एक गोळी चुकली तर तुम्ही रस्त्यात उभे राहिलेले कोरे करकरीत टार्गेट. टीम फोर्ट्रेस २ ने आणखी एक अट घातलीये, स्नायपरने स्कोप लावल्यानंतर ०.२ सेकंद थांबल्याशिवाय हेडशॉट हेडशॉट म्हणून धरलाच जात नाही, म्हणजे नुसत्या झटक्याने काम होऊ नये. मला हे डिझाइन फार आवडतं. एका गोळीत मारणारी बंदूक ठेवायलाच हवी, पण ती हातात घेणाऱ्याला भीती वाटली पाहिजे.

स्कोप न लावता एडब्ल्यूपी मारणं म्हणजे तर लॉटरी, शंकू एवढा मोठा असतो. तरी २०१६ च्या ईएसएल वन कोलोनमध्ये सिंपल नावाच्या युक्रेनियन खेळाडूने कॅश मॅपवर वरून खाली उडी मारता मारता स्कोप न लावता एक आणि लगेच दुसरा असे दोघं पाडले, आणि नंतर गेममध्ये त्याच जागी भिंतीवर त्याची आठवण म्हणून चित्र काढलं गेलं. त्यात नशीब होतं का? होतंच की. पण दोघं कुठे असणार याचा अंदाज नशिबाचा नव्हता.

इथवर बहुतेक सगळं हिटस्कॅनचं झालं, म्हणजे तुम्ही क्लिक केलं त्याच क्षणी गेम एक सरळ रेषा ओढतो आणि ती कोणाला लागते ते बघतो, गोळीला प्रवासच नाही. पबजीत तसं नाही, तिथे गोळी खरंच उडत जाते आणि खाली पडतही जाते. कार९८के या स्नायपर रायफलची गोळी सेकंदाला ७६० मीटर जाते, म्हणजे ३०० मीटरवर पोचायला साधारण ०.४ सेकंद. तेवढ्यात सेकंदाला सहा मीटरने पळणारा माणूस दोन-अडीच मीटर पुढे निघून गेलेला असतो. म्हणजे तुम्ही त्याच्यावर नेम धरायचाच नाही, त्याच्या पुढच्या रिकाम्या हवेवर धरायचा, थोडा वर, आणि तो वेग बदलणार नाही अशी आशा करायची. लेव्हल २ हेल्मेट असेल तर कारची एक गोळी पुरते, लेव्हल ३ असेल तर नाही, तिथे एअरड्रॉपमधल्या (विमानातून पडणाऱ्या पेटीतल्या) एडब्ल्यूएमसारखी बंदूक हवी. तिथले एका गोळीतले किल मला जास्त भारी वाटतात, कारण त्यात समोरच्याच्या डोक्यात शिरावं लागतं, दोन्ही अर्थाने.

एक गैरसमज सांगतो आणि पुढे जातो. स्कोअरबोर्डवर हेडशॉट टक्केवारी दिसते आणि लोक ती मिरवतात. स्नायपर घेणाऱ्याची ती कमीच असणार, त्याला डोक्याची गरजच नाही. आणि ७० टक्के हेडशॉटवाला माणूस कदाचित डोक्याच्या हट्टापायी सोपे अंगावरचे किल सोडून मरत असेल. चार गोळ्यांत माणूस मेला तरी तो मेलेलाच असतो. एम ट्रेनरचंही (नेमाचा सराव करायच्या सॉफ्टवेअरचंही) तसंच, कोव्हाक्स किंवा एम लॅबमध्ये गोळे फोडून हात नक्की सुधारतो, पण तिथे कोपरे नसतात, त्यामुळे जमीन बघत पळायची सवय तिथे सुटत नाही. ती सुटायला मॅपवर एकटंच फिरावं लागतं, प्रत्येक वळणावर "इथे डोकं कुठे असेल" असं स्वतःला विचारत. बोअर आहे. पण मला सगळ्यात जास्त फरक यानेच पडलाय.

राहिलं तिसरं मरण, ज्याच्यावरून मी हॅकर म्हणालो होतो. मी कोपरा ओलांडून भिंतीमागे गेलेलो होतो, माझ्या स्क्रीनवर तो मला दिसतसुद्धा नव्हता, आणि मी मेलो. भिंतीआड.

माझा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) त्या रात्री ७० होता, म्हणजे माझी हालचाल सर्व्हरला कळायला साधारण ३५ मिलिसेकंद. त्याचा ४० धरा, म्हणजे सर्व्हरकडून त्याच्या स्क्रीनवर यायला २०. त्यात हालचाल तुटक दिसू नये म्हणून गेम थोडं मागचं चित्र दाखवतो, ते २५ धरा. एकूण झाले ८०. एके घेऊन माणूस सेकंदाला साधारण साडेपाच मीटर पळतो, म्हणजे त्याच्या स्क्रीनवर मी माझ्या खऱ्या जागेपेक्षा ४४ सेंटीमीटर मागे होतो, जवळपास दोन डोक्यांएवढा, आणि माझं डोकं अजून बाहेरच होतं. त्याने तिथे मारली. गोळीची खबर सर्व्हरला पोचली तेव्हा सर्व्हरने सगळ्यांना मागे नेऊन तपासलं की हा क्लिक करत होता तेव्हा त्याला काय दिसत होतं, आणि हो म्हणाला. याला लॅग कॉम्पेन्सेशन म्हणतात, व्हॉल्व्हच्या यान बर्नियरने २००१ मध्ये यावर पेपर मांडला होता आणि तेव्हापासून जवळपास सगळे शूटर याच वाटेने जातात, कारण हे नसेल तर प्रत्येकाला आपापल्या पिंगनुसार टार्गेटच्या पुढे नेम धरावा लागेल. मग ती खबर माझ्याकडे यायला आणखी पन्नास-साठ मिलिसेकंद. तोवर मी भिंतीआड पाऊण मीटर.

याचा उलटा फायदाही असतो, पळत बाहेर येणारा समोरच्याला आधी बघतो, आणि तो फायदा मला त्या रात्रभर मिळत होता, पण मिळताना कोणी मोजत नाही. रिप्लेत सर्व्हरच्या नजरेने बघितलं तर त्याची गोळी अगदी स्वच्छ होती, क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर, पाय थांबलेले, एक क्लिक. चॅटमधला "हॅकर" मात्र आता डिलीट होत नाही.